खंडेनवमीचा उघडा गिअरबॉक्स

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. न्याहारी उरकून मी पडवीत बसले होते आणि नायलॉनच्या जुन्या साडीच्या तुकड्याने गिअरबॉक्सचे व्हॉल्व्ह पुसत होते. सुती फडकं या कामाला चालत नाही, त्याचे तंतू सुटतात. समोर परातीत करंगळीएवढे चकचकीत व्हॉल्व्ह, इडलीपात्राच्या खळग्यांत स्प्रिंगा आणि पोलादी छर्रे, पाटावर उघडी व्हॉल्व्ह बॉडी. अंगणात गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली. शिनोलीच्या मागच्या डोंगरावरून ढग खाली सरकले होते आणि निसवलेल्या भाताचा वास पडवीपर्यंत येत होता. दुपारच्या आत ही व्हॉल्व्ह बॉडी गाडीला चढवायची, ऑइल भरायचं आणि संध्याकाळी गाडी मालकाच्या हवाली करायची, एवढाच बेत होता.

मी घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडते आणि पुन्हा बांधते. नवं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं आणि मग माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतं. मागे बहुधा आमची शेळी असते. भोसरीला एका वर्कशॉपमध्ये हे काम शिकले, बरीच वर्षं केलं, मालकांनी दुकान बंद केल्यावर सासरी येऊन पडवीत मांडलं. नोकरी कधी लागली, कोण साहेब होते, हे सांगण्यासारखं नाही आणि वाचण्यासारखं तर मुळीच नाही. यजमान शेती बघतात. ते माझ्या गिअरबॉक्समध्ये लक्ष घालत नाहीत, मी त्यांच्या भातात घालत नाही. संसार ठीक चालला आहे.

साध्या गाडीत गिअर माणूस बदलतो. डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने दांडा हलवायचा. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. गिअर ऑइल बदलतं. इंजिन फिरलं की पंप फिरतो आणि तांबडं ऑइल दाबाने व्हॉल्व्ह बॉडीत शिरतं. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड ताटली, अंगभर चर कोरलेली. भाताच्या खाचरांतून पाणी फिरवतात तसं ऑइल तिच्यात फिरतं. इथला बांध फोडला की खालच्या खाचरात, तिथे दगड लावला की शेजारच्या. कोणत्या चरात ऑइल गेलं यावर गाडी पहिल्यात चालायची की तिसऱ्यात, पुढे जायची की मागे, ते ठरतं. एखादा तंतू व्हॉल्व्हच्या कडेला बसला तरी व्हॉल्व्ह जागच्या जागी अडकतो, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध विचार करत उभी राहते.

मी स्वप्नाळू बाई नाही. देवळात डोळे मिटले तरी मला दूध उतू जाईल का एवढंच दिसतं. पण व्हॉल्व्ह बॉडी हातात घेतली की नजर त्या चरांत उतरते आणि परत यायला वेळ लावते. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जात राहावं, मध्येच एक खोल खळगा लागावा, त्याच्या तळाशी एक भोक आणि भोकापलीकडे आणखी एक वाट. आजूबाजूला कोण काय बोलतं ते ऐकू येतं, पण पाण्याखाली असल्यासारखं. भोसरीला असताना साहेबांना वाटायचं मी कामचुकारपणा करते. मी तेव्हा सगळ्यात जास्त काम करत असायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. घोडेगावच्या एका गुरुजींच्या गाडीचे पुढचे गिअर गेले आणि रिव्हर्स तेवढा शाबूत राहिला. ते गाडी मागे मागे चालवत माझ्याकडे आले, खिडकीतून मान बाहेर काढून, ओळखीच्यांना नमस्कार करत. मान कित्येक दिवस तशीच राहिली, गाडी मात्र लवकर बरी झाली. दुसऱ्या एकाने नवरदेवाची गाडी अख्खी वरात होईपर्यंत मुंगीच्या पावलांनी चालवली. नाचणाऱ्यांना दम लागला नाही, गिअरबॉक्सला लागला. झाकण उघडलं तर ऑइलला करपलेल्या दुधाचा वास. आणि सगळ्यांत जास्त येतात ते ट्रॅक्टरने ओढून आणलेले. आपल्याकडे बंद पडलेलं काहीही माणूस ट्रॅक्टरला बांधतो. साध्या गाडीचं त्याने काही बिघडत नाही. ऑटोमॅटिकचं बिघडतं, कारण चाकं फिरतात, आतली चक्रं फिरतात, पण इंजिन बंद म्हणून पंप बंद, आणि सगळं कोरडं घासत राहतं. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता आमची शेळीसुद्धा सांगेल.

अंगणातली गाडी अशीच ओढून आणलेली होती. मालक निमगाव साव्याचे गेनभाऊ. मूळचं मेंढपाळाचं घर. भाऊबंद बहुतेक शेतीला लागले, पण यांच्याकडे अजून मेंढरं आहेत. गेनभाऊंचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. उसाच्या ट्रॉलीखाली गेला. तोवर दर साली दसऱ्याला ते कळपामागे कोकणात चालत जायचे. पाय गेल्यावर त्यांनी मुंबईच्या कोणाची तरी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. मला आधी वाटलं, बाजारहाटाला घेतली असेल.

गाडी ओढून आणली त्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. ऑटोमॅटिक गाडी डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या खाचेत, टाकून ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप हळूहळू पुढे सरकते, काही दाबावं लागत नाही. "मेंढराची चाल आन तिची चाल एकच हाय, ताई. कुठल्या कंपनीनं मेंढरं बघून बनवली कुणास ठाऊक." तर ते कळपामागे गाडीत बसून चालायचे. भांडी, पीठमीठ, दमलेली कोकरं गाडीत. कच्च्या रस्त्यांवर, उन्हात, दिवसच्या दिवस मेंढराच्या चालीने. गिअरबॉक्सला यासारखं दुसरं विष नाही: वारा लागत नाही, ऑइल तापत राहतं. उन्हाळ्यात परत येताना गाडी थकली, आणि मग भावाने ती ट्रॅक्टरला बांधून आधी घरी नेली, मग माझ्याकडे आणली.

मी त्यांना सरळ सांगितलं की ही गाडी या कामाची नाही. ते म्हणाले, मी पण या कामाचा राहिलो नाही, तरी जातो ना. धाकट्या भावाने निरोप धाडला होता: दसऱ्याला मेंढरं निघतील, गाडी झाली तर ठीक, नाहीतर या साली घरीच बस. भाऊ काही वाईट नव्हता. काळजीनेच म्हणाला असणार. पण गेनभाऊ माझ्या पडवीच्या पायरीवर बसून, कृत्रिम पायाचा पट्टा सैल करत म्हणाले, "एक साल बसलेला मानूस पुन्यांदा उठत न्हाई, ताई. मी लई बघितल्यात तसली." मग मी काम घेतलं. ऑइल थंड करायला पुढे एक जादा जाळी बसवली, गिअरबॉक्स उतरवून पार मोकळा केला. आतल्या क्लचच्या प्लेटी जळून काळ्या झाल्या होत्या. नव्या प्लेटी कोरड्या बसवत नाहीत, वाल भिजत घालतात तशा आदल्या दिवशी ऑइलमध्ये भिजत घालाव्या लागतात. त्या बसवल्या, सील बदलले, गिअरबॉक्स परत गाडीत चढवला. राहिली होती फक्त व्हॉल्व्ह बॉडी, ती गाडीच्या पोटाखालून बसते.

तर त्या सकाळी मी व्हॉल्व्ह जागेवर सरकवले, छर्रे खळग्यांत ठेवले, जागचे हलू नयेत म्हणून व्हॅसलीनचं बोट लावलं, सगळ्यावर साडीचा तुकडा झाकला आणि ऑइलचे डबे आणायला स्कूटीवरून घोडेगावला गेले.

परत आले तर पडवीत उदबत्तीचा धूर. आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण हौसाबाई, धुतलेलं पातळ नेसून आरती ओवाळत होत्या. माझे सगळे पाने, सॉकेट, पक्कड, जॅक त्यांनी चादरीवर उंचीप्रमाणे मांडले होते, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. कॉम्प्रेसरला हार. घंटी वाजवत होते गेनभाऊ. गाडी न्यायला ते सकाळच्या एसटीने आले होते आणि येताक्षणी त्यांना कामाला लावलेलं होतं.

आणि मधोमध, मानाच्या जागी, व्हॉल्व्ह बॉडी. साडीचा तुकडा बाजूला घडी करून ठेवलेला. चराचरांत हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता.

मी काही ओरडले नाही. ओरडून कुंकू निघत नाही. फक्त विचारलं की झाकलेलं होतं ना.

"झाकलेल्याची पूजा करत्यात व्हय?" वन्सं म्हणाल्या. "येवढं मोठं लोखंड उघडं पडलंय, आन मी पक्कडीला कुंकू लावून त्याला तसंच ठेवू? त्याला काय वाटंल?"

ते लोखंड नसून अ‍ॅल्युमिनियम आहे हे सांगण्याची ती वेळ नव्हती. मी मनात काम मांडलं. व्हॉल्व्ह पुन्हा बाहेर, सगळं डिझेलमध्ये धुणं, पेट्रोलमध्ये खळबळणं, हवा मारणं, परत बसवणं. झपाझप केलं तर संध्याकाळपर्यंत गाडी जमिनीवर. म्हणून मी कॉम्प्रेसरच्या नळीला हात घातला.

"पूजल्यालं हत्यार हाय ते," वन्सं म्हणाल्या. "आता उद्या."

आमच्याकडे रीत आहे. खंडेनवमीला हत्यारं पूजली की ती दसऱ्याच्या सकाळपर्यंत विसावतात. नांगर असो, कोयता असो, कोणी उचलत नाही. भोसरीलासुद्धा त्या दिवशी मशिनी बंद असायच्या, आणि मी नेहमी पूजेच्या आत काम संपवायचे. म्हणून तर घाई होती. पण मी रीतीपेक्षा कामाला मानते आणि वन्संना ते ठाऊक आहे. मी नळी उचलणारच होते. थांबवलं ते गेनभाऊंनी.

ते म्हणाले, नका उचलू. मी म्हटलं, सकाळी मेंढरं निघतील, तुम्ही इथे बसून राहाल. त्यांनी घंटी खाली ठेवली.

"माझं मला कळतं वो. पर कळपात मी येकटा नसतो. उद्या वाटंत येक मेंढरू लंगडलं, येक कोकरू गाडीखाली गेलं, तर भाऊ म्हनंल, पूजल्याल्या हत्यारानं केलेली गाडी आनली. एकदा म्हनला की संपलं. मग गाडी चालली काय न् न चालली काय."

गिअरबॉक्स बांधताना फक्त गाडीचा विचार करायची सवय; गाडी कोणाच्या मध्ये जाऊन उभी राहणार आहे, ते झाकण लावल्यावर आपलं नसतं. मी नळी जागेवर ठेवली आणि पायरीवर बसले. चूक झाली असं वन्सं म्हणणार नव्हत्या. गेल्या इतक्या वर्षांत म्हणाल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या, "हाताला कुठं हळद लावलीया म्यां? हातानं धू की."

आणि खरंच, व्हॉल्व्ह हाताने निघतात. बॉडी तळहातावर आपटली की एकेक सरकत बाहेर येतो. डिझेल परातीत ओतता येतं. ब्रश पूजेत गेला होता, पण बोटं होती, आणि चिंचोळ्या चरांसाठी गेनभाऊंनी बांधावरून गवताच्या ताठ काड्या आणल्या. हवा मारायचं काय, असं मी मोठ्याने म्हटलं. वन्सं आत गेल्या आणि चुलीची फुंकणी घासून, पुसून, उन्हात तापवून घेऊन आल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिची पूजा चुलीबरुबर असते," त्या म्हणाल्या. "हत्यारांत ती येत न्हाय."

ती दुपार मला अजून एकसंध आठवत नाही, तुकड्यांनी आठवते. ऊन वर चढलं आणि ढग विरले. चादरीवर माझी हत्यारं फुलं पांघरून झोपलेली. कुठे ठोकणं नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नाही. इतक्या वर्षांत आमच्या पडवीत दिवसाढवळ्या एवढी शांतता मी ऐकली नव्हती. वन्सं तांदूळ निवडायला बसल्यासारख्या बसल्या आणि चरांतल्या अक्षता, मोडकी कणीसुद्धा, नखाने वेचू लागल्या. ते काम त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मी बोटाने चर धूत होते आणि गेनभाऊ वाटेबद्दल बोलत होते.

कोणी विचारलं नव्हतं. हात डिझेलमध्ये असले की माणूस बोलतो. राजुरीवरून आळ्याला, मग ओतूर, मग माळशेजचा घाट. माझं बोट मोठ्या चरातून चाललं होतं. घाटाच्या तोंडाशी मेंढरं थांबतात, ते म्हणाले, खालची हवा नाकाला लागते, ओली, आणि पुढची मेंढी मान वर करते, मग सगळ्या करतात. बोट वळणावर आलं. उतरताना आवाज बदलतो, खुरांचा. खाली भात कापलेली खाचरं, शेतकरी बोलावून घेतात, रात्रभर मेंढरं बसवा म्हणतात, खतासाठी. बोट खोल खळग्यात उतरलं, तळाशी भोक, त्यात कुंकवाचा एक कण. काडीने काढला. मग एक नदी लागते, पावसाळा संपला तरी पाणी असतं, कोकरं पाण्याला भितात, त्यांना उचलून पलीकडे न्यावं लागतं. पाय होता तेव्हा ते काम माझं होतं, गेनभाऊ म्हणाले. बोट पलीकडच्या वाटेला लागलं. मी कधी माळशेज उतरलेले नाही. पण त्या दुपारी उतरले, असं मला वाटतं. ऑइलची वाट कुठली आणि मेंढरांची कुठली, ते वेगळं काढता येईना, आणि काढावंसंही वाटलं नाही.

फुंकणीने वन्संनी चर फुंकले. दम माझ्यापेक्षा त्यांना जास्त. जन्मभर ओली लाकडं पेटवली आहेत. मग सगळं परातीत पसरून उन्हात ठेवलं, वर मच्छरदाणीचं कापड, कुरडया वाळत घालतात तसं. संध्याकाळी हाताने व्हॉल्व्ह परत सरकवले. एकही अडकला नाही. बॉडी तिरकी केली की प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या वजनाने सरकत होता, इकडून तिकडे, झोपेत कूस बदलावी तसा. या धंद्यात याच्यासारखं सुख नाही, आणि ते दाखवावं असं माणूस आजूबाजूला क्वचित असतं. त्या दिवशी दोघं होती. आता विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांना असा गिअरबॉक्स नसतो. चांगलंच आहे. फक्त हे सरकणं कोणाच्या हाताला कळणार नाही, याचं मला कधीकधी वाईट वाटतं.

संध्याकाळी गेनभाऊंच्या भावाचा फोन आला. मेंढरं उजाडताच निघणार. गेनभाऊ एवढंच म्हणाले की गाडी उद्या होईल. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते पायरीवर जाऊन बसले आणि जेवताना वन्संनी वाढलेल्या पुरीला नको म्हणाले.

दसऱ्याला उजाडता उजाडता वन्संनी आंघोळ करून हत्यारांवर पाणी फिरवलं, फुलं उचलली आणि पाना माझ्या हातात दिला. मी गाडीखाली गेले. व्हॉल्व्ह बॉडी चढवली, बोल्ट मधून बाहेर एकेक करून आवळले, फिल्टर लावला, पॅन लावला, ऑइल भरलं, गाडी घोड्यांवरून उतरवली. गेनभाऊंना शेजारी बसवून स्वतः चालू केली. ब्रेकवर पाय ठेवून दांडा सगळ्या खाचांतून फिरवला, ऑइल जागोजाग पोचावं म्हणून. रिव्हर्स लागला. डीमध्ये टाकली, तर काहीच नाही. मग आत कुठेतरी ऑइल पोचलं, गाडीने हलकाच हुंकार दिला आणि तिचं नाक किंचित वर आलं. ब्रेक सोडला, ती सरकली.

पण थंड गिअरबॉक्सवर मी विश्वास ठेवत नाही. तापल्यावर तो खरं बोलतो. म्हणून गेनभाऊंना चालवायला बसवून नारायणगावावरून, आळेफाट्यावरून मी बरोबर गेले, कान खाली लावून. राजुरीच्या अलीकडे कच्च्या वाटेवर धूळ दिसली आणि धुळीत मेंढरं. गेनभाऊंनी गाडी कडेला घेतली. धाकटा भाऊ चालत आला, गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्याने मागचं दार उघडलं, काखेतलं एक कोकरू सीटवर ठेवलं, जाऊन आणखी एक आणलं, ते त्याच्याजवळ ठेवलं, आणि दार लावून घेतलं.

"मागं ऱ्हा," तो भावाला म्हणाला. "पुढं लई धूळ हाय."

मी उतरले. गेनभाऊंनी डीमध्ये टाकली आणि ब्रेक सोडला. गाडी मेंढरांच्या मागे लागली, आणि मी गाडीच्या मागे, खाली मान घालून, धुळीत तांबडा थेंब पडतो का ते बघत. पुढे घंटा वाजत होत्या, मधून एखादं मेंढरू ओरडायचं, गाडीतून कोकरू उत्तर द्यायचं. फाटा आला तरी धूळ कोरडीच होती. मी थांबले. गेनभाऊंनी आरशात बघून हात वर केला. मी मान हलवली आणि एसटी येईपर्यंत लिंबाच्या सावलीला उभी राहिले.